शिदोरी कोणी बांधली?
उत्तरेकडील निर्जन प्रदेशाचे वाङ्मय आणि प्रवासाची आखणी

'शिदोरी' हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ती असते प्रवासाला निघणाऱ्याच्या हातात, पण बहुतेक वेळा बांधलेली असते दुसऱ्या कुणीतरी. भाकरी कोणी थापली, फडक्याला गाठ कोणी मारली, कुठल्या पाणवठ्यावर ती सोडायची हे कोणी सांगितले, ही सारी माणसे त्या गाठोड्याबरोबर चालत असतात. साहित्यविचारात मात्र या गाठोड्याला जागा नाही. सामानाची यादी, परवाने, वेळेचा हिशेब या गोष्टी आपण कारकुनी समजतो. प्रवासवर्णनकार तयारीचा भाग एखाद्या विनोदी परिच्छेदात उरकतो आणि गाडी सुटल्यावर खऱ्या लेखनाला हात घालतो. जिथे चुकीची किंमत गैरसोयीपुरती असते, तिथे हे चालून जाते. अलास्का आणि युकॉन या प्रदेशांत ते चालत नाही. तिथे ओला मोजा किंवा चुकीच्या महिन्यात ओलांडलेली नदी माणसाचा जीव घेऊ शकते.

या प्रदेशाविषयीच्या काही प्रसिद्ध पुस्तकांत प्रवासाची आखणी कशी येते, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे. तयारीविना जाणाऱ्या एकाकी माणसाभोवती वाङ्मयाने वलय उभे केले आणि तयारी करणाऱ्याला गद्य ठरवले, असे माझे निरीक्षण आहे. पण हीच पुस्तके बारकाईने वाचली तर आखणी ही त्यांतली सर्वांत नैतिक बाब ठरते, कारण आखणी करणे म्हणजे आपण कोणाकोणाचे ऋणी आहोत, याची आधीच जाणीव ठेवणे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही, कारण उत्तरेशी बहुतेकांचे नाते पुस्तकांतूनच जुळते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध केला. ऋग्वेदातल्या दीर्घ उषेचा अर्थ लावताना ध्रुवप्रदेशातल्या दिवसरात्रीचे ज्ञान त्यांनी ग्रंथांतूनच मिळवले होते. पुण्यात बसून ध्रुवापर्यंत पोहोचता येते ते ग्रंथांच्या बळावर. मात्र ग्रंथ वाचून कुणी प्रत्यक्ष पाऊल उचलले की ग्रंथाने काय सांगितले आणि काय गाळले, याला वेगळेच महत्त्व येते.

१. वेळापत्रक होते, सोबती नव्हता

जॅक लंडन १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला आणि पुढच्या वर्षी स्कर्व्ही घेऊन परतला. सोने हाती लागले नाही, कथा लागल्या. त्या गर्दीच्या काळात वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाही, असा नियम कॅनडाच्या पोलिसांना करावा लागला. इतर सामान धरून हे ओझे टनाच्या घरात जाई आणि खिंडीतून ते हप्त्याहप्त्याने वर न्यावे लागे. म्हणजे या प्रदेशात आखणी हा केवळ वैयक्तिक शहाणपणाचा विषय नव्हता. उपाशी माणूस दुसऱ्याच्या शिध्यावर भार होतो, हे ओळखून केलेला तो सार्वजनिक नियम होता.

लंडनची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा जगभर वाचली जाते. तिची दोन रूपे आहेत, हे तितकेसे माहीत नसते. १९०२ मधले पहिले रूप मुलांसाठी होते. त्यातल्या नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे, तो वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा घेतो. १९०८ च्या रूपात नायकाचे नाव काढून टाकले आहे, सोबत एक कुत्रा दिला आहे आणि नायक मरतो. दुसरे रूप कितीतरी श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण ते का श्रेष्ठ आहे, याचे प्रचलित उत्तर अपुरे वाटते. निसर्गाची निर्दयता आणि माणसाचे क्षुद्रत्व, एवढ्यावर बहुतेक विवेचने थांबतात.

कथेतला माणूस बेफिकीर नाही, हे आधी पाहायला हवे. त्याच्याकडे आखणी आहे. ताशी किती मैल चाललो, साडेबाराला फाट्यावर पोहोचणार, सहाला छावणीत मित्रांपाशी, असा काटेकोर हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. बिस्किटे गोठू नयेत म्हणून ती त्याने सदऱ्याच्या आत उघड्या अंगाला लावून ठेवली आहेत. बर्फाखाली दडलेल्या झऱ्यांवर त्याची नजर आहे. त्याच्या आखणीत फक्त एक गोष्ट नाही, ती म्हणजे दुसरा माणूस. सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्याने सांगितले होते की उणे पन्नास फॅरनहाइटच्या खाली एकट्याने निघू नये. त्या दिवशी तापमान उणे पंचाहत्तर, म्हणजे सुमारे उणे ५९ अंश सेल्सिअस असते. तरी म्हाताऱ्याचा सल्ला त्याला बायकी वाटतो.

पुढचे सर्वांना माहीत आहे. पाय ओले होतात, तो स्प्रूसच्या झाडाखाली जाळ करतो, फांद्यांवरचे बर्फ कोसळते आणि जाळ विझतो. दुसरा जाळ करायला बोटे उरत नाहीत. सोबती असता तर त्याची बोटे शाबूत असती, एवढे साधे हे गणित आहे. लंडनने मृत्यू घडवला तो थंडीकडून, पण आरोप ठेवला तो त्या माणसाच्या कल्पनाशून्यतेवर. आकडा त्याला कळतो, आकड्याचा अर्थ कळत नाही. वेळापत्रक आणि आखणी यांतला हा भेद कथेच्या केंद्रस्थानी आहे. वेळापत्रकात आपण एकटेच असतो. खऱ्या आखणीत आपण चुकल्यावर काय होईल, याचाही विचार असतो आणि तिथे दुसऱ्या माणसाला पर्याय नसतो.

२. बस क्रमांक १४२

जॉन क्राकावरचे 'इंटू द वाइल्ड' १९९६ साली आले. क्रिस मॅककँडलेस हा सुखवस्तू घरातला तरुण एप्रिल १९९२ मध्ये डेनाली उद्यानालगतच्या स्टॅम्पीड वाटेने रानात शिरला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एका जुन्या, टाकून दिलेल्या बसमध्ये त्याचा मृतदेह सापडला. मृत्यू उपासमारीने झाला. त्याच्याकडे सुमारे साडेचार किलो तांदूळ, एक हलकी बंदूक आणि पुस्तके होती. उपयोगी पडेल असा नकाशा नव्हता.

क्राकावर प्रामाणिक लेखक आहे. मॅककँडलेसला मूर्ख म्हणणाऱ्या अलास्कावासीयांची पत्रे त्याने दडवलेली नाहीत. त्याच्या अन्नातल्या वनस्पतीविषयीचा स्वतःचा तर्क पुढच्या आवृत्त्यांत त्याने पुन्हा पुन्हा दुरुस्त केला. तपशीलही त्याने पुरवले आहेत. वसंताच्या आरंभी सहज ओलांडलेली टेकलानिका नदी जुलैत हिमनद्यांच्या पाण्याने फुगली आणि मॅककँडलेस मागे फिरला. तिथून एक किलोमीटरच्या आत नदीवर तारेला टांगलेला पाळणा होता, पण तो त्याला ठाऊक नव्हता. त्याने जूनमध्ये मूस मारला आणि मांस धुरावर टिकवायचा प्रयत्न केला. अलास्कातले शिकारी मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतात. त्याने विचारले होते ते दक्षिण डाकोटातल्या शिकाऱ्यांना. मांस नासले.

सारे पुस्तकात आहे, तरी वाचकाच्या मनात उरते ती बस. याचे कारण पुस्तकाच्या बांधणीत शोधावे लागेल. तपशील माहिती म्हणून येतात, तर शोधाची ओढ, वडिलांशी बेबनाव आणि तारुण्यातले साहस या गोष्टी लयीत, अवतरणांसह, लेखकाच्या स्वतःच्या गिर्यारोहणाच्या आठवणींसह येतात. पाळण्याला थोडी जागा मिळते, एकाकीपणाला प्रकरणे. २००७ च्या चित्रपटाने हा तोल आणखी एका बाजूला झुकवला.

परिणाम वाङ्मयाबाहेर झाला. वाचक आणि प्रेक्षक त्या बसच्या दर्शनाला जाऊ लागले. अनेकांना सोडवून आणावे लागले. २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुण स्त्रिया टेकलानिकाच्या पाण्यात मरण पावल्या. अखेर १८ जून २०२० रोजी लष्करी हेलिकॉप्टरने ती बस उचलली आणि पुढे ती फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे सोपवली गेली. पुस्तकाने त्यांना मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या नदीने नायकाला अडवले तीच वाचकांनाही अडवते, हे पुस्तक वाचूनही पुरेसे ठसत नसेल, तर समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी.

शिदोरीचा प्रश्न इथेही विचारून पाहू. ती बस रानात आपोआप उगवली नव्हती. १९६१ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी ती तिथे ओढून नेली होती. निजायला फळ्या आणि शेगडी आत होती, नंतर शिकारी तिचा आसरा घेत. मॅककँडलेसला वाटेच्या तोंडाशी सोडणाऱ्या स्थानिक गृहस्थाने त्याला रबरी बूट दिले, स्वतःचा दुपारचा डबा दिला आणि शहरात नेऊन नीट सामान घेऊन देण्याचीही तयारी दाखवली. एकट्याच्या बळावर जगण्याची ही कथा पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांनी बांधलेल्या शिदोरीवर उभी आहे. पुस्तक हे नोंदवते, पण त्याचा विचार करत नाही. मला त्याची खरी उणीव इथे दिसते.

३. साखरेचा वाटा

आता याच परिसरातले, पण त्याच्या ऐंशी वर्षे आधीचे एक पुस्तक पाहू. हडसन स्टक या धर्मोपदेशकाचे 'द असेंट ऑफ डेनाली' १९१४ मध्ये आले. ७ जून १९१३ रोजी ६,१९० मीटर उंचीच्या या शिखरावर चौघेजण पोहोचले. सर्वांत आधी पाऊल ठेवले ते वॉल्टर हार्परने. त्याची आई कोयुकोन अथाबास्कन होती. दुसरा सहकारी हॅरी कार्स्टन्स पुढे इथल्या राष्ट्रीय उद्यानाचा पहिला अधीक्षक झाला.

स्टकचे गद्य जुन्या वळणाचे, थोडे उपदेशकी आहे. पण त्यात तयारी लपवलेली नाही. हिमनदीवर सामानाला आग लागते, तंबू आणि शिधा जळतो, मग स्लेजवरच्या आच्छादनांतून नवे तंबू शिवले जातात. या शिवणकामाला तो चढाईइतकीच जागा देतो. आणि शेवटी एक छोटी गोष्ट येते. पायथ्याच्या छावणीत कुत्रे सांभाळायला जॉनी फ्रेडसन हा ग्विचिन मुलगा एकटा ठेवलेला होता. ठरल्यापेक्षा बराच अधिक काळ त्याला थांबावे लागले. शिकार करून त्याने स्वतःचे आणि कुत्र्यांचे पोट भरले. मंडळी खाली उतरली तेव्हा त्यांची साखर केव्हाच जळून गेली होती. मुलाने मात्र आपल्या वाट्याची साखर न खाता त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

गिर्यारोहणाच्या वाङ्मयात शिखरावरचे क्षण असंख्य आहेत. पायथ्याशी थांबलेल्याच्या साखरेची नोंद करणारी पुस्तके फार थोडी. हाच मुलगा पुढे आपल्या लोकांचा नेता झाला आणि व्हेनेटाय इथली जमीन त्यांच्यासाठी राखून घेण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्टकने पर्वताचे मूळ नाव परत द्या, अशी मागणी केली होती. सरकारदरबारी 'डेनाली' हे नाव आले ते २०१५ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये पर्वताचे नाव पुन्हा 'मॅकिन्ली' करण्यात आले, उद्यानाचे मात्र 'डेनाली'च राहिले.

४. आठवणींचा नकाशा

व्हेल्मा वॉलिसचे 'टू ओल्ड विमेन' १९९३ साली प्रसिद्ध झाले. लेखिका ग्विचिन आहे आणि कथा तिने आईकडून ऐकलेली. दुष्काळी हिवाळ्यात टोळी दोन म्हाताऱ्यांना मागे सोडून जाते. एक ऐंशीची, एक पंचाहत्तरची. जाताना एकीची मुलगी कातड्याच्या वाद्या ठेवते, नातू गुपचूप कुऱ्हाड ठेवतो. सगळी शिदोरी एवढीच.

लंडनच्या कथेशेजारी ही कथा ठेवून वाचावी. थंडी तीच, नदीही तीच युकॉन. या दोघी बर्फावर चालायची पादत्राणे बनवतात, सशांसाठी फास लावतात, विस्तव जपतात. मग पूर्वी जिथे भरपूर मासे मिळाले होते ती जागा आठवून तिकडे निघतात. नकाशा नाही, पण ऐंशी वर्षांची स्मृती आहे, आणि ती एकीची अडली की दुसरी पुढे नेते. उन्हाळ्यात त्या मासे आणि मांस वाळवून साठवतात. पुढच्या हिवाळ्यात उपाशी टोळी परत येते तेव्हा त्याच साठ्यातून तिला अन्न मिळते.

वाङ्मयीन दृष्टीने हे पुस्तक निर्दोष नाही. निवेदन अनेकदा बोध सांगू लागते आणि शेवटचा समेट थोडा घाईत होतो. तरीही लंडनने रिकामी ठेवलेली जागा ते भरून काढते. तिथे म्हाताऱ्याचा सल्ला हसण्यावारी गेला, इथे म्हाताऱ्याच नायिका आहेत. मॅककँडलेसला न साधलेले मांस वाळवणे इथे कथेचा कणा आहे. उत्तरेच्या साहसकथा तारुण्याच्या असतात, या समजाला इतके शांत उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

५. रिकाम्या झोपडीतला शिधा

जॉन मॅकफीचे 'कमिंग इंटू द कंट्री' हे १९७७ चे पुस्तक अलास्कावरचे सर्वांत समतोल गद्य आहे, असे मला वाटते. त्यात लिऑन क्रेन या वैमानिकाची हकीकत येते. २१ डिसेंबर १९४३ रोजी त्याचे बी-२४ विमान चार्ली नदीच्या परिसरात कोसळले. पाचांपैकी तो एकटा परतला, तोही ८४ दिवसांनी. हातमोजे नव्हते. काड्या, चाकू आणि पॅराशूट होते. वडिलांचे पत्र त्याने जाळ पेटवायला वापरले. जवळपास नऊ दिवस उपाशी काढल्यावर त्याला एक झोपडी सापडली आणि तिच्यात शिधा होता. तो फिल बेरेल या माणसाने ठेवलेला होता. त्याच्या आधारावर तग धरून क्रेन मार्चमध्ये नदीच्या कडेने माणसांत आला.

रानातल्या झोपडीत थोडा शिधा आणि पेटवायला सुके सरपण मागे ठेवायचे, ही उत्तरेची जुनी रीत आहे. कोण येईल माहीत नसते, येईल तो जाळ पेटवण्याच्या अवस्थेत असेल की नाही हेही माहीत नसते. अनोळखी माणसासाठी केलेली आखणी, असे तिचे वर्णन करता येईल. मॅकफी हा प्रसंग भावुक न होता, वस्तूंची नावे घेत सांगतो. त्याच्या गद्यात यादीलाच काव्य प्राप्त होते, कारण प्रत्येक वस्तूमागे ती ठेवणारा हात आहे.

६. निर्जन आणि रान

'विल्डरनेस' या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना आपण 'निर्जन प्रदेश' म्हणतो. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यातही अशा भूमीत माणूस पाहुणा असतो, तो तिथे राहत नाही, अशीच कल्पना आहे. अलास्काला ती नीट लागू पडेना, कारण तिथे माणसे हजारो वर्षे राहत होती. १९८० च्या अलास्काविषयक कायद्याने म्हणूनच नव्या संरक्षित भूमीच्या मोठ्या भागात स्थानिक ग्रामीण लोकांचा उदरनिर्वाहाच्या शिकारीचा हक्क मान्य केला. मराठीतला 'रान' हा शब्द या वास्तवाच्या अधिक जवळ जातो. रानात गुरे जातात, रानातून भाजी येते, रानाला वाटाड्या असतो. रान मोकळे असते, पण रिकामे नसते.

रिचर्ड नेल्सनच्या 'मेक प्रेअर्स टू द रेव्हन' या १९८३ च्या ग्रंथात कोयुकोन लोकांचा एक संकेत नोंदवला आहे. शिकारीला निघताना अस्वल मारायला चाललो, असे कुणी सरळ म्हणत नाही. बोलायचेच तर आडवळणाने. प्राण्याविषयी बढाई मारली तर तो हाती लागत नाही, अशी श्रद्धा. या माणसांची तयारी कमी असते असे मुळीच नाही. तयारी पूर्ण, पण फळावर हक्क सांगायचा नाही, अशी ही भाषा आहे. पर्यटनाच्या पुस्तिकांत अस्वल, शिखर आणि उत्तरेचा प्रकाश दिवसवार वाटून दिलेले असतात. त्या भाषेशेजारी हा संकेत ठेवला की दोन्हींमधले अंतर कळते.

आजची डेनालीची आखणी कागदावर रुक्ष दिसते. सुमारे १४८ किलोमीटरचा एकच रस्ता, तोही ऑगस्ट २०२१ मध्ये गोठलेली जमीन वितळून दरड सरकल्यामुळे अर्ध्यावर बंद करावा लागला. आत मुक्काम करायचा तर परवाना घ्यावा लागतो, प्रत्येक विभागात किती जणांनी राहायचे याला मर्यादा आहे आणि अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. नदी सकाळी ओलांडावी, कारण दुपारच्या उन्हाने हिमनदी वितळून पाणी चढते. प्रवाह अनेक धारांत फुटून पसरलेला असेल तिथे उतरावे. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवावा. छोट्या विमानाने जायचे तर चार दिवसांचे जास्तीचे अन्न ठेवावे, कारण हवा बिघडली तर वैमानिक ठरल्या दिवशी येऊ शकत नाही.

या सूचना अधिकाऱ्यांच्या लहरीतून आलेल्या नाहीत. अस्वलाच्या डब्यामागे अस्वलाचाही विचार आहे. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा बंदुकीने होतो. विभागाच्या मर्यादेमागे आपल्यानंतर येणाऱ्याचा विचार आहे. नदीच्या सूचनेमागे त्या नदीत बुडालेली माणसे आहेत. ज्ञान मिळवताना कुणीतरी किंमत मोजली, आपल्याला ते फुकट मिळते.

उत्तरेच्या वाङ्मयाकडे पाहण्याची एक कसोटी यातून हाती येते. पुस्तकात थंडी किती भीषण आहे किंवा नायक किती एकाकी आहे, यापेक्षा शिदोरी कोणी बांधली हे त्या लेखकाला दिसते का, हे पाहावे. लंडनला ते दिसले, अभावातून. क्राकावरने ते नोंदवले, पण ओलांडून पुढे गेला. स्टक, वॉलिस आणि मॅकफी यांनी त्या हातांना नाव दिले. शैलीत कमी-अधिक असूनही उत्तरार्धातली ही तीन पुस्तके मला अधिक टिकाऊ वाटतात, ती यामुळे.

आता अलास्काला जाणारे मराठी पर्यटकही आहेत. पुढेमागे त्यांच्यापैकी कुणी त्यावर लिहील. त्या लेखनात तयारीचे प्रकरण विनोदासाठी राखून ठेवू नये. पाणी कधी चढते हे कोणी सांगितले, कोणाच्या गावच्या नदीतून गेलो, कोणाच्या सरपणावर रात्र काढली आणि निघताना परतीची तारीख कोणाजवळ लिहून ठेवली, हे त्यात असावे. तारीख उलटून गेली तर शोधायला निघणारा माणूस तोच असतो.